मेलेल्या मंत्र्याचे शेवटचे पान

तीर्थस्वरूप मामा,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीतूनच घातला, पण तुम्ही पूर्ण धरावा.) तुमची तब्येत कशी आहे? खोकला, गुडघा, झोप? या खेपेला मी हे नेहमीपेक्षा जास्त मनापासून विचारते आहे, त्याचे कारण पत्राच्या शेवटी येईल. मामींना नमस्कार. आई मजेत आहे, म्हणजे सकाळपासून प्रत्येकाला नावे ठेवते आहे.

'मेल्यावरही मंत्री' वाचून लोक काय म्हणतात ते भीडभाड न ठेवता कळव, नाहीतर दुसऱ्या कादंबरीचे बाड माळ्यावर टाकतो, असे तुम्ही लिहिलेत. टोपणनाव घेतलेत हे बरे केलेत. लेखक माझा मामा आहे हे इथे आई आणि मी सोडून कुणालाच ठाऊक नाही, माझ्या यजमानांना, म्हणजे तुमच्या जावयांनासुद्धा नाही (त्यांच्या पोटात तीळ भिजत नाही), त्यामुळे लोक माझ्या तोंडावर खरे बोलतात. पण त्याआधी आमच्या वाचनालयाची रड ऐका. इमारतीच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते, आणि ती खोली आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांच्या डोळ्यांत सलते. तिथे चिटपाखरू फिरकत नाही, तेव्हा पुस्तके रद्दीत घालावीत आणि व्यायामाची यंत्रे आणावीत, असे त्यांचे म्हणणे. (त्यांचे पोट पाहता हेतू वाईट नाही.) मी लग्न होऊन या इमारतीत आले तेव्हा हीच एक खोली मला आपली वाटली होती. तिला टाळे लागलेले मला बघवणार नाही. म्हणून मी तुमचे पुस्तक दारासमोरच्या टेबलावर मांडले आणि खाली पाटी लावली, की यात भूत आहे आणि सरकारही आहे.

गर्दी झाली, मामा. इतकी झाली की एक प्रत पुरेना. (सख्ख्या भाचीला एकच प्रत पाठवणाऱ्या लेखकाबद्दल मी काही बोलत नाही. दुकानात ती मिळत नाही, आणि प्रकाशकाने गठ्ठे कुठे पुरून ठेवलेत ते तुमच्या भुतालाच माहीत.) नंबरावरून भांडणे व्हायला लागली, तेव्हा मी एक शहाणपणा केला. पुस्तक जाडजूड, म्हणून बायंडरकडे नेऊन मधोमध कापून त्याचे दोन भाग करून घेतले, म्हणजे एकाच वेळी दोघांना वाचता येईल. बायंडरकडे पडद्याचे उरलेले कापड होते. पूर्वार्धाला फुलाफुलांचे लागले आणि उत्तरार्धाला चौकडीचे. पहिल्यानंतर दुसरे वाचायचे, एवढे लोकांना कळत असेल असे मी धरून चालले. तिथेच माझे चुकले.

तुमची गोष्ट तुम्हालाच काय सांगायची, पण लोकांनी तिची जी गत केली ती कळावी म्हणून सांगते. पूर्वार्धात तुमचा मंत्री मेल्यावरही खुर्ची सोडत नाही, बंद केबिनमधून सही केलेल्या फायली बाहेर येतात आणि जो चौकशी मागतो त्याची लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकते. उत्तरार्धात कळते की बिचाऱ्याचा खूनच झाला होता आणि त्या सह्या तर जिवंत चोरांना पकडून देण्यासाठी होत्या. आता आमच्याकडच्या निवृत्त हेडमास्तरांनी फुलांचा भाग वाचला आणि जाहीर केले, की सत्तेची अशी सालटी आजवर कुणी काढली नव्हती, हा लेखक वाघ आहे. पुढचा भाग वाचा म्हटले तर म्हणाले, पहिल्याच पानावर मुलाची अक्कल ओळखण्यात माझी हयात गेली, मला पुढचे लागत नाही. आणि कोपऱ्यावरच्या टेलरला धीर नव्हता, त्याने थेट चौकडीचा भाग नेला. त्याचे म्हणणे, सत्तेत बसलेला एक तरी माणूस देवमाणूस असतो हे दाखवायला छाती लागते, हा लेखक वाघ आहे. म्हणजे बघा, दोघांनाही पुस्तक मनापासून आवडले आहे आणि त्यामुळेच दोघे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. इमारतीत फुलवाले आणि चौकडीवाले असे दोन तट पडलेत. दातांच्या डॉक्टरीणबाई तेवढ्या तटस्थ. त्यांनी दोन्ही भाग वाचले, पण राजकारणाची पाने सोडून, आणि त्यांची तक्रार एवढीच की भूत फार कामसू आहे, जरा निवांत भीती दाखवत नाही. तुमच्या जावयांनी दोन्ही भाग नुसते चाळले, त्यांचे मत वेगळेच. त्यांना भूत पटले, खून पटला, पण सरकारी इमारतीतली लिफ्ट एका अर्जावर दुरुस्त झाली हे काही केल्या पटले नाही.

अशात अध्यक्ष मापे घ्यायची टेप घेऊन आले. भिंत मोजायला भिंत तर दिसली पाहिजे. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि फुलवाले चौकडीवाल्यांना विकले गेलेले म्हणत होते. अध्यक्ष टेप हातात धरून तसेच बसले, ऐकता ऐकता रंगले आणि जाताना दोन्ही भाग काखेत मारून घेऊन गेले. (नंबर त्यांचा नव्हता, पण पदाचा मान.) दोन्ही भाग ओळीने, एकही पान न सोडता वाचणारे ते पहिलेच. (माझेही शेवटचे पान वाचायचे राहूनच गेले होते.) आणि म्हणूनच खरा घोटाळा त्यांना सापडला. त्यांनी सगळ्यांना जमवून शेवट मोठ्याने वाचून दाखवला. केबिनचे दार उघडते, मंत्र्याचा सहायक आत जातो, कागदावर सही करणारा हात बघतो आणि पुढे काही नाही. पान संपले. नंतर थेट पुठ्ठा.

बायंडरला बोलावले. त्याने सरळ सांगितले, की चौकडीच्या पुठ्ठ्याला आतून लावायला कागद कमी पडत होता, म्हणून शेवटचे पान खळ लावून चिकटवले. वर म्हणाला, शेवटचं पान कोण वाचतंय, तिथवर माणूस झोपलेला असतो. टेलरने वाफेच्या इस्त्रीने पान सोडवून देतो असे सांगितले आणि लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. पान सुटले. फक्त शाई पुठ्ठ्याच्या कापडावर राहिली आणि कागद कोरा निघाला. चौकटींच्या जाळीत उलट्या अक्षरांतून 'कारण' एवढा एकच शब्द लागतो. हेडमास्तर म्हणतात हा चौकडीवाल्यांनी रचलेला कट आहे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी खोली भरते. तो हात मंत्र्याचा, असे हेडमास्तर. तो सहायकाचाच, असे टेलर. डॉक्टरीणबाईंच्या मते नुसता हात आहे, मागे माणूसच नाही. आणि अध्यक्षांनी भर सभेत सांगून टाकले, की कादंबरीचा शेवट कळेपर्यंत खोलीबद्दल निर्णय नाही, आणि टेप खिशात घातली. मामा, मला तिथल्या तिथे रडू आले. तुमच्या पुस्तकाबद्दल लोकांची मते ही अशी आहेत. आता बाड माळ्यावर टाकायचे का ते तुम्हीच ठरवा.

तुमची लाडकी (असे तुम्ही म्हणायचात)
भाची

ता. क. हे वाचून तुम्ही लगेच शेवटचे पान पाठवाल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. पाठवू नका. शेवट कळला की खोली गेली.

आणखी ता. क. अध्यक्षांनी विचारले की लेखकालाच पत्र टाकून शेवट का विचारू नये. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला सुचेना, म्हणून मी सांगितले की लेखक नुकतेच वारले. रागावू नका. तब्येत एवढ्यासाठीच विचारली. येत्या रविवारी वाचनालयात तुमची शोकसभा आहे. हेडमास्तर आणि टेलर एकत्र बसून भाषणे लिहिताहेत, आणि 'वाघ' हा शब्द कुणी आधी वापरायचा एवढाच वाद उरला आहे.

शेवटचे ता. क. आई म्हणते, हयातीत तुला कुणी बरे बोलले नाही, मीही नाही, तेव्हा निदान हे ऐकायला तरी ये म्हणावं. मला घालून पाडून बोलायचे सुचते, त्याच्यासमोर चांगले तोंडातून निघत नाही, असेही म्हणाली, आणि डोळे पुसून लगेच स्वयंपाकघरात गेली. तेव्हा याच. इथे तुम्ही फक्त माझे मामा, लेखकाचे नाव तुम्ही कधी ऐकलेले नाही. आणि एक विनंती, त्या विनंतीसाठीच एवढे लांबलचक पत्र लिहिले. तुमचा फोटो कुणाकडे नाही, म्हणून हेडमास्तरांनी पुढे तुमच्या नावाने एक रिकामी खुर्ची ठेवायचे ठरवले आहे. तुम्हाला गुडघ्यामुळे दिसेल त्या खुर्चीत बसायची सवय. मामा, उभे राहा, पण तिच्यात बसू नका.