घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

४ मार्च २००८, बीड
आक्काच्या रसवंतीच्या चरकाला गिऱ्हाईक लागलं. खात्री सायबर कॅफेवाल्या सलीमने दिली. मेल छापूनच आणला. इंटरनेटवरची जाहिरातही त्यानेच टाकलेली. माणूस पुण्याचा म्हणे. सांगितली ती किंमत कबूल. आक्का खूश. गुडघ्यांपायी स्टँडसमोरचा गाडा बंद झाला, पण चरक भंगारात घालायचा नाही, चालवणाऱ्यालाच द्यायचा, हा तिचा हट्ट.
मला खटकतंय. मशीन न बघता? एक रुपया न पाडता?

५ मार्च
दुसरा मेल. ‘स्थिती उत्तम.’ रूळ झिजलेत, ते जाहिरातीतल्या फोटोतही दिसतं! ड्राफ्ट जास्तीच्या रकमेचा पाठवतो, वरचे पैसे चरक न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्याला रोख द्या. फोन लावला, उचलत नाही. लगेच मेसेज : मीटिंगमध्ये आहे. आमच्या पेपरातली बातमी असती तर थांबवली असती.
आक्का : "पेपरात रोज इतकं छापतूस, तवा न्हाई इचारत! माजंच गिऱ्हाईक कावून खुपतंय तुला?"
सांगितलं, ड्राफ्ट वटेपर्यंत चरक हलणार नाही. टेम्पोवाल्याला दमडी नाही. भांडण. जेवलो मात्र तिच्याकडेच.

७ मार्च
तेलगावचा रसवंतीवाला भानुदास आला, कुणाकडून तरी ऐकून. चरक चालवून बघितला. "मावशी, मोटर तापती. चोथा वला ऱ्हातोय. रूळ बदलावं लागतेल." निम्म्याच्या थोडं वर बोलला. आक्काने चहासुद्धा पुरता पिऊ दिला नाही. "ऊठ! पुण्याचा सायब पुरी किंमत देतोय."
उन्हाळा सरला की चरकाला कोण विचारतं...

१० मार्च
ड्राफ्ट आला. मागोमाग मेसेज : टेम्पो निघतोय, रोख तयार ठेवा. एवढी घाई?
आक्काला घेऊन बँकेत गेलो. मॅनेजरनी पुण्याच्या शाखेला फोन लावला. असा ड्राफ्ट तिथून निघालेलाच नाही. खोटा.
दारात रिक्षातून उतरताना आक्का म्हणाली, "येऊ दे टेम्पो. बगतेच."

११ मार्च
ठाण्यात अर्ज दिला. फौजदार आधी हसले, ड्राफ्ट बघितल्यावर नाही. साध्या कपड्यातला शिपाई देतो म्हणाले. त्यांच्याच सांगण्यावरून सलीमने मेल केला : रोख तयार, या.
संध्याकाळी बघतो तर आक्काने चरक अंगणात काढलेला. तेल दिलंय, उसाची मोळी मागवलीय. भानुदासला तेलगावला निरोप धाडलाय.
"पुन्हा नावं ठेवील तो."
"ठिवू दे. नावं ठिवतो म्हंजे घेणार हाय त्यो. ह्या पुण्याच्या मुडद्यानं कवा मोटरीचं तरी इचारलं का?"
भानुदासचं उत्तर अजून नाही. टेम्पो उद्या दुपारपर्यंत येईल, असा मेसेज. शिपाई सकाळीच येणार. आक्का दारात बसणार आहे, कोयता घेऊन. ऊस सोलायला, म्हणते.