राघू विकायचा की न्हाई

४ मार्च ७४. भोर
वेल्ह्याला निघालो, कापूरहोळलाच अडकलो. ट्रकचा गिअरबॉक्स उघडत होते, बघत राहिलो, एस.टी. गेली. शेजारी एका साहेबांच्या जीपचं पंक्चर काढणं चाललेलं. पुण्याचे, ट्रान्झिस्टर बनवणाऱ्या कंपनीतले. माझ्या खांद्याकडं बघून म्हणाले, "कुठला ट्रान्झिस्टर?" म्हटलं, आत काय न्हाई, नुसता राघू आहे. हसले. हसू नका म्हटलं, हितली निम्मी पोरं रिकामाच अडकवून फिरतात, वर रेडिओच्या सरकारी लायसनची कटकट न्हाई.
मग सांगावं लागलं. ट्रान्झिस्टरचं कव्हर, माझ्या चुलतभावाची, दादाची बायको शिवते. खाकी कॅनव्हास, तांबडी किनार, वर दोऱ्यानं भरलेला हिरवा राघू. हिकडं कव्हर कुणी म्हणतच न्हाई. लग्नात नवरदेवाला ट्रान्झिस्टर दिला तरी आधी इचारतात, राघूसकट का?
साहेबांनी पत्ता लिहून घेतला.

९ मार्च
साहेब घरी आले. कंपनीला राघू विकत पायजे. कव्हरं न्हाईत, राघूच. नाव आणि चित्र. वहिनींना पुण्यात कारखान्यात पगारावर घेणार, मलाही माल पोचवायला. मी मनातनं कधीच पुण्याला पोचलो.
दादा म्हणाला, "एवढी रेडिओची कंपनी तुमची, तुमाला चिंधीचा राघू कशाला?"
साहेब सरळ माणूस. म्हणाले, "आतला माल आम्ही सगळे एकाच बाजारातून आणतो. उघडून कोण बघतंय? गिऱ्हाईक वरचं बघतं."
"मग तुमीबी काढा की एखादं पाखरू."
"काढला होता मोर. कुणी नावसुद्धा घेतलं नाही. नाव लोकांच्या तोंडी बसायला वर्षं जातात, तेवढी आमच्याकडं नाहीत."
वहिनी चहा देत होत्या. दादाला पगाराचं पटलंय.

१५ मार्च
आधी नमुना ठरला. वीस कव्हरं, आत कंपनीचे ट्रान्झिस्टर, वेल्ह्याच्या बाजारात विकून बघायचे. वहिनी हातानंच काढतात, छाप न्हाई. एवढं कधी व्हायचं? म्या एका राघूवरून छापाचा कागद केला, वीसही कव्हरांवर गिरवला. वहिनी आणि उत्रोली गावच्या दोघी बाया भरायला बसल्या. वहिनी म्हणाल्या, "भावजी, सगळे एकाच तोंडाचे?" म्हटलं, कारखान्यात असंच असतंय.

२१ मार्च. वेल्हे
नऊ गेले. अकरा परत. एका नवरदेवाच्या मामानं उजव्या खांद्याला लावून बघितलं, चोच पाठीकडं गेली, आणि बाजारभर आरडला, "नवरदेव पुढं आन् राघू मागं! आत्ताच सासुरवाडीकडं बघाया लागला व्हय रं!" सगळी हसायला. मग उजवीकडं लावणारा एकबी घेईना. उलटं लावावं तर राघूबी आन् स्टेशनचा काटाबी मांडीकडं जातो.
साहेबांना राग न्हाई आला, वहीत लिहीत होते.

२२ मार्च
वहिनींना सांगितलं. "खांदा इचारला व्हता का?"
मला म्हाईतच नव्हतं. दोन वर्षं कव्हरं पोचवतोय. प्रत्येकाला इचारतात म्हणे, कुठला खांदा, आन् मग चोच चालायच्या बाजूला काढतात. म्या कधी बसून बघितलंच न्हाई, सारखा भटकत...
दादा चिडला. "बाळ्या, तुझ्या कागदापायी पगार जातोय." वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या की." ते दादाला जास्त लागलं.

३० मार्च
पगार गेला न्हाई. साहेब कराराचा कागद घेऊन आले. दोन तोंडांचे दोन छाप करू म्हणतात. उलट चुकीमुळं कळलं, लोक राघूकडं केवढं बारीक बघतात. कंपनीला आता जास्तच पायजे झालाय.
मी कागद वाचून दाखवला. सही केल्यावर वहिनींनी घरी राघू काढायचा न्हाई.
"मोर?" वहिनींनी इचारलं.
"तो आमचा आहेच, ताई."
"मैना काढली तर?"
साहेबांनी कागद बघितला. कुठलंही पाखरू नको असं लिहिलेलं. वहिनी म्हणाल्या, "हरीण पाखरू न्हाई." साहेबांनी कडेला पेनानं लिहिलं, प्राणी.
"आन् झाड?"
दादा म्हणाला, "अगं सही कर की!"
साहेब पेन उघडं धरून बसले. मग म्हणाले, "झाडाचं ऑफिसात विचारावं लागेल." कागद घडी करून घेऊन गेले. मंगळवारी येतो म्हणाले.
मी पोचवायला फाट्यापर्यंत गेलो. म्हणाले, सही झाली तरच तुझी नोकरी, तू समजावून सांग. बरं म्हटलं. परत आलो तर वहिनींनी नवा कॅनव्हास मांडीवर ताणलेला, सुईत पिवळा दोरा. समजवायचं ओठावर आलेलं, पण इचारलं भलतंच, काय काढताय?
"अजून ठरवलं न्हाई," म्हणाल्या. "बसा, बघा."
बसलो.