आईने घेतलेलं नाव

शनिवार, संध्याकाळ. अ‍ॅमस्टेलव्हीन, नेदरलँड्स

आई-बाबांना पुण्याहून येऊन महिना होईल. बाहेर वारा फार, म्हणून आज आम्ही तिघांनी घरीच हॉलिवूडचा एक जुना सिनेमा पाहिला. कृष्णधवल, खाली डच अक्षरं. त्यात एक गाजलेली जोडी, पूर्ण वेळ भांडून शेवटी लग्न करणारी. बाबा आईला मराठीत सांगत होते, त्यातलं निम्मं मनाचं.

आईचं गोष्टीकडे लक्षच नव्हतं. "ही बया दर वाक्याला त्याचं नाव घेते," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. त्यात राग नव्हता. मग काय होतं? मी माझ्या नवऱ्याला, निखिलला, पहिल्या दिवसापासून नावानेच हाक मारते, त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलंच नाही.

सिनेमा संपल्यावर बाबा खिडकीशी उभे राहून कालव्यातली बदकं बघत होते. स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "वसंत, चहा घेणार?"

उखाण्याखेरीज तिच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलेलं नाही.

बाबा हलले नाहीत. कान चांगले आहेत त्यांचे. पण आजी गेली, काका गेले. त्या नावाने हाक मारणारं आता उरलंय कोण?

"अहो," आई म्हणाली. लगेच वळले.

चहा पिताना त्यांनी मला विचारलं, "मघाशी मला कुणी हाक मारली का गं?"

मी आईकडे पाहिलं. ती बशीत चहा ओतत राहिली.