कोटाच्या अस्तरातली फिल्म

३ मार्च
साहेबांनी आज सगळ्यांसमोर माझी फिरकी घेतली. "एवढं पदार्थविज्ञान शिकून बाई कांद्यांना मुळं फुटायची वाट बघतात!" हसा लेको! क्ष-किरण पडले की त्या मुळांची वाढ कशी खुंटते, हे इथे माझ्याआधी कुणी मोजलंय? म्हणून तर सगळ्यांच्या कोटाला फिल्मचा बिल्ला लावायला लावला. जितके किरण अंगावर, तितकी फिल्म काळी. फार काळी आली की माणूस क्ष-किरणांच्या मशीनपासून दूर. नियम माझा!

५ मार्च
महिन्याच्या फिल्म धुतल्या. मशीन चालवतात आमचे हे — आणि फिल्म ह्यांचीच कोरी करकरीत! जेवताना शर्टावर डाग पाडल्याशिवाय ज्यांना उठता येत नाही, त्यांची? पाणी कुठेतरी मुरतंय.

६ मार्च
सापडले! मशीन सुरू करण्याआधी स्वारी बिल्ला काढून शिशाच्या डबीत ठेवते. मीही कच्च्या गुरूची चेली नाही. ह्यांच्या कोटाच्या अस्तरात गुपचूप एक फिल्म शिवून टाकली. टाके वाकडे आलेत, पण ह्यांना कुठे कळतंय!

१ एप्रिल
हसत हसत उसवली. धुतली. काळीकुट्ट! हसू कुठल्या कुठे पळालं. फार भीती वाटली.
जेवताना पुढ्यातच ठेवली. "अहो, मरायचंय का?"
"मग काय, खुर्चीत बसून पेन्सिली तासू? हयात गेली माझी त्या मशीनवर. साहेबांना सांगू नकोस गं."
तो 'गं' ऐकून जरा पाघळले. तरी सांगितलंच.

४ एप्रिल
ह्यांची बदली झाली — फिल्म धुवायच्या खोलीत, माझ्याच हाताखाली! घरीदारी अबोला. विचारलं की फक्त "होय मॅडम." मीठ हवं का म्हटलं, तरी "होय मॅडम!" मला हसू आवरत नाही.

९ एप्रिल
अबोला सुटला. हे एक फिल्म घेऊन आले, उजेडात धरली. ह्यांच्यापेक्षाही काळी. "कुणाची?" मी ओरडलेच.
"तुझ्या कोटातली. मलाही शिवता येतं."
किरणांखाली कांदे धरून बसते ती मीच. स्वतःला बिल्ला द्यायचं कधी सुचलंच नव्हतं.
हे उद्या साहेबांकडे जाणार आहेत. माझा प्रयोग अर्धवट राहील हो — एवढंच माझ्या तोंडून निघालं.