एका मगात सायकल

मंगळवार, संध्याकाळ

ह्यांची सायकल आज देऊन टाकली आणि ह्यांना ते सांगितलं नाही, म्हणून लिहायला बसले. गेल्या आठवड्यात सायकलवरून निघाले आणि घरचा रस्ताच विसरले. सरोजिनी नगरच्या बाजारात सापडले. पुन्हा नको.

द्यायची तर स्वच्छ द्यावी. मी बादली भरायला घेतली, तर म्हणाले, "अगं, तिला आंघोळ घालायचीय का? एक मग पुरे." सकाळी जेवलो की नाही हे आठवत नाही, आणि हे मात्र चोख. आधी कोरड्या फडक्याने धूळ, मग घट्ट पिळलेलं फडकं, चेनला जुना टूथब्रश आणि तेल. एका मगात झाली. खरंच एका मगात.

"आज कुठे जायचंय?" ह्यांनी विचारलं. मी फडकं वाळत घातलं. रडू? नाही आलं.

खालच्या मजल्यावरची मीनाक्षी न्यायला आली. "आंटी, ये तो बिल्कुल नई लग रही है."

"ब्रेक देख लेना, बेटा," हे म्हणाले. ती फेरी मारून परत आणेल, असं त्यांना वाटतंय.

दिलं ते: सायकल, पंप, कुलूप, एक किल्ली. दुसरी ह्यांच्या खिशात आहे. मागितली नाही.