मार्टाला सांगितलेली आई

१२ सप्टेंबर, रॉटरडॅम

मार्टा कटंगीला, माझ्या गावी येणार! ऑफिसात माझ्या शेजारी बसते ती मार्टा. नोव्हेंबरात कान्हा बघायला येतेय, आणि म्हणाली, तुझ्या आईला भेटल्याशिवाय परतणार नाही. मी 'जरूर ये' म्हणालो. आणि लगेच कॉफी आणायला पळालो.

१३ सप्टेंबर

लिहूनच टाकतो. इथे आलो त्या वर्षी माझा जिल्हा बालाघाट म्हटलं की सगळे मोबाइलवर शोधायचे — वाघ, जंगल, नक्षलवादी. मी चिडायचो. सांगायचो, अरे, आमच्याकडे धान पिकतं, बाजार भरतो, माझी आई हेडमास्तरीण होती. कुणी ऐकायचं नाही. मराठी मंडळात वेगळीच तऱ्हा — एमपीचा ना तू? मग मराठी कशी काय?

मग एकदा ऑफिसातल्यांबरोबर जेवताना वैतागून म्हणालो, हो, दाराशी वाघ येतो, गावात शाळा नाही, आईला अक्षरओळखही नाही. सगळ्यांचे काटे-चमचे थांबले. मार्टाचे डोळे भरले. आणि मला ते आवडलं! ऑफिसच्या वार्षिक मेळाव्यात मला भाषण करायला लावलं, तिथेही हेच. टाळ्याच टाळ्या. चौतीस वर्षं शाळेत घालवलेली आई, अख्ख्या कटंगीची मैनाबहनजी, मी टाळ्यांसाठी अडाणी करून टाकली. लाज वाटते.

३० ऑक्टोबर, कटंगी

आई खूश. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडईला पाहुणा नाही असं घर ओकंबोकं दिसतं. यंदा तर परदेशी पाहुणी! शेजारीपाजारी सांगून झालंय. खरं सांगायला मी आज तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा चहा मागितला.

२ नोव्हेंबर

आज नीचपणा केला. बाबासाहेबांच्या फोटोशेजारचं आईचं सन्मानपत्र उतरवलं. तिच्या पुस्तकांसकट कपाटामागे सारलं. तिने मोकळी भिंत पाहिली.

"काहून काढलं?"

रंग द्यायचाय, म्हणालो.

४ नोव्हेंबर

उद्या येतेय. नाही सांगितलं.

५ नोव्हेंबर

मार्टा आली. सोबत ऑफिसातल्यांनी पाठवलेला खोका — पाट्या, रंगीत खडू, शाळा नसलेल्या मुलांसाठी. आईसाठी वेगळी भेट: अक्षरं गिरवायची वही! मार्टा तिचा हात धरून इंग्रजीत म्हणाली, तुम्हाला स्वतःला वाचता येत नाही, तरी मुलाला एवढं शिकवलंत. मी घाईघाईने आईला सांगितलं, ती म्हणते, घर छान आहे.

अरे, पण मला इंग्रजी शिकवलं कुणी? आईनेच ना!

तिचा चेहरा जराही हलला नाही. वही दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि मार्टाला आणखी एक पुरी वाढली.

६ नोव्हेंबर

मार्टा गेली. निघताना तिने एक कार्ड काढलं. ऑफिसातल्यांसाठी आईची काहीतरी खूण हवी होती. आईने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. गावातल्या कितीतरी बायांना सही करायला शिकवलेल्या माझ्या आईने पेनाची शाई स्वतःच्या अंगठ्यावर घासली आणि अंगठा कार्डावर दाबला.

गाडी वळल्यावर म्हणाली, "सही केली असती त तू खोटा पडला असता."