पादऱ्याची बस

२४ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीच्या सुट्टीत निरुपमा गेली. बायको गेली म्हणून घरात बसून राहणाऱ्यांपैकी मी नाही. आजपासून ती शिकवायची त्या शाळेत जायला लागलो. पहिलीतली मुलं हाताने करून कशी शिकतात याचं निरीक्षण करून ट्रस्टींना रिपोर्ट देणार. रिफायनरीत इतकी वर्षं सेफ्टी ट्रेनिंग दिलं, ही तर सहा वर्षांची पोरं. नियम एकच: मागे बसायचं, मध्ये पडायचं नाही.

संध्याकाळी
पेल्याने बादली भरायचा तास होता. निम्मं पाणी फरशीवर. फडकं घेऊन उठलो. निसरडी फरशी हा सेफ्टीचा विषय, त्यामुळे नियमभंग धरत नाही. निरुपमाच्या जागी आलेल्या उत्कर्षाबेन म्हणाल्या, काका, सांडू दे, पुसतील त्यांची ती.
मुलं मला दादा म्हणतात. गुजरातीत दादा म्हणजे आजोबा, हे माहीत आहे. मी मराठीत घेतलं.

२६ नोव्हेंबर
उत्कर्षाबेनने बाजूला घेऊन सांगितलं की मुलांना निरुपमाचं अजून कळवलेलं नाही. बेन गावाला गेल्यात, एवढंच त्यांना माहीत आहे. हे चूक आहे, असं मी स्पष्ट म्हटलं. खरं तेच सांगावं, सोप्या शब्दांत. आणि ते मी सांगेन, मी आता सावरलो आहे. काका, नक्की? असं त्यांनी दोनदा विचारलं.
घरी आरशासमोर रिहर्सल. पहिलं वाक्य झकास. दुसऱ्याच्या आधी जाऊन खिडकी लावली. थंडी सुरू झालीय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
खंडेराव मार्केटमधून मटार नेले. शेंगा सोलून दाणे मोजायचे होते. मोहना नावाची मुलगी माझ्याशेजारी बसली. सोलता सोलता तिने गावाचं नाव विचारलं, निरुबेन कया गाम गयां छे?
याहून चांगली संधी मिळाली नसती. मी म्हटलं, पादरा.
तोंडातून कसं गेलं कळत नाही. अर्थात पादरा बडोद्याजवळच आहे, पोरीला काळजी वाटायची नाही. सोमवारी दुरुस्ती करू.

१ डिसेंबर, सोमवार
सगळं पाठ करून गेलो. वर्गात खुर्च्या एकामागे एक लावलेल्या. बस. खडूने रस्ता काढलेला, कागदाची तिकिटं कापलेली. मोहना ड्रायव्हर, हातात स्टीलची थाळी. निरुबेनना आणायला पादऱ्याला निघाले होते. मला खिडकीजवळची जागा दिली.
रिपोर्टला उत्तम उदाहरण, असं मनाशी म्हटलं. सुभानपुरा मागे पडलं. सोहम नावाचा मुलगा शेतातल्या गाई दाखवत होता. मग मोहनाने ब्रेक लावला. सगळे उतरले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. कयुं घर? यातलं कुठलं?
मला उठताच येईना. मोहना पुन्हा चढून माझ्याजवळ आली. मी तिला सांगितलं, निरुबेन इथे नाहीत. वारल्या. मी खोटं बोललो होतो. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. नंतर मी रडलो. मुलांदेखत, मोठ्याने. उत्कर्षाबेनने मुलांना जवळ घेतलं.
थोड्या वेळाने मोहनाने विचारलं, आता परत जायचं ना? मी मान डोलावली. तिने सगळ्यांना आत बसवलं आणि बस बडोद्याला परत आणली.

३ डिसेंबर
सकाळीच उत्कर्षाबेनचा फोन. बऱ्याच मुलांनी घरी रडून निरुबेनबद्दल विचारलं. मोहना कालपासून शाळेत नाही, आईने ताप आहे म्हणून कळवलं. मी म्हटलं, आज येतोच आहे, ती आली की तिला नीट समजावतो. त्या म्हणाल्या, काका, काही दिवस नका येऊ. अगदी मायेने म्हणाल्या.
मी सांगितलं, तसंही निरीक्षण पूर्ण झालंच होतं.
रिपोर्टला बसलो. एक ओळ लिहिली, खोडली.
फोन आला तेव्हा शाळेसाठी तयार होऊन बूट घातले होते. दुपारी काढले.